मनोनाट्याचं पश्चात्कर्म

‘सायकोड्रामा’ हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरला जातो. चित्रपट-परीक्षणात तो मानसिक गुंतागुंतीच्या थरारपटाला लावतात. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांच्या पत्रकांत तो ‘हीलिंग’ आणि ‘इनर चाइल्ड’ यांच्या शेजारी छापलेला असतो. अध्यापक महाविद्यालयांत त्याचं एक जवळचं भावंड ‘भूमिकापालन’ या नावाने शिकवलं जातं. समूहोपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ त्यातली दोन-चार तंत्रं उचलून घेतात. चारही ठिकाणी शब्दाचा अर्थ वेगळा आणि चारही ठिकाणी आपण मूळ गोष्टच करतो आहोत असा विश्वास.

मी उपचारक नाही. नाटकाच्या वाचनातून मी या विषयाकडे आलो आणि मग त्यातच रमलो. त्यामुळे माझा प्रश्न वैद्यकीय असण्यापेक्षा रचनेचा आहे. मनोनाट्याच्या मूळ रचनेत तीन भाग आहेत. आपल्याकडे येता येता त्यातला तिसरा भाग गळून पडतो, आणि तो गळला की उरलेले दोन भाग माणसाला उघडं पाडून तसंच सोडून देतात. असं घडतं तेव्हा काय होतं, हे मराठी रंगभूमीने १९६७ सालीच दाखवून ठेवलं आहे. त्या नाटकाकडे मी शेवटी येणार आहे. आधी मूळ माणसाकडे जाऊ.

रिकामं सिंहासन

याकोब लेव्ही मोरेनो हा मनोनाट्याचा जनक. जन्म १८८९चा, बुखारेस्टमधला. स्वतः मोरेनो मात्र आपला जन्म १८९२ साली, काळ्या समुद्रातल्या एका जहाजावर, वादळी रात्री झाल्याचं सांगत असे. चरित्रकारांनी कागदपत्रं काढून ही दंतकथा मोडली, पण ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्वतःचा जन्मसुद्धा ज्याने नाट्यमय करून घेतला, त्याच्याकडून आपल्याला हे शास्त्र मिळालं आहे. त्याचे दावे तपासूनच घ्यावेत.

तो व्हिएन्नात वाढला आणि १९१७ साली डॉक्टर झाला. पहिल्या महायुद्धात त्याने मिटर्नडॉर्फच्या निर्वासित छावणीत काम केलं. कोणत्या कुटुंबाला कोणत्या कुटुंबाशेजारी राहायचं आहे हे विचारून वसवलं तर तंटे कमी होतील, हा विचार त्याला तिथे सुचला. पुढे यातूनच त्याची ‘समाजमिती’ जन्मली. १ एप्रिल १९२१ रोजी व्हिएन्नाच्या एका नाट्यगृहात त्याने विलक्षण प्रयोग केला. संहिता नाही, नट नाहीत. रंगमंचावर एक राजाची खुर्ची आणि एक मुकुट. साम्राज्य नुकतंच कोसळलं होतं आणि देश नेत्याच्या शोधात होता. ज्याला राज्य करता येईल असं वाटतं त्याने यावं, खुर्चीत बसावं आणि बोलावं, असं आवाहन त्याने प्रेक्षकांना केलं. मोरेनोच्याच सांगण्यानुसार त्या रात्री कुणीही परीक्षेला उतरलं नाही. प्रयोग फसला, पण त्यातून त्याला दिशा सापडली. प्रेक्षक आणि नट यांच्यामधली भिंत पाडायची आणि माणसाला दुसऱ्याच्या संहितेतून सोडवायचं.

१९२५ साली तो अमेरिकेला गेला. १९३२च्या शरद ऋतूत न्यूयॉर्क राज्यातल्या हडसनच्या मुलींच्या सुधारगृहातून दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या. मोरेनोने तिथे मुलींच्या परस्परसंबंधांचे नकाशे काढले. कोण कुणाला निवडतं आणि कोण कुणाला टाळतं, हे त्यात होतं. पळण्यामागे एकेका मुलीच्या स्वभावापेक्षा त्या जाळ्यातली तिची जागा अधिक कारणीभूत आहे, असं त्याने दाखवलं. १९३४ साली हे काम ग्रंथरूपाने आलं. आज समाजमाध्यमांच्या जाळ्यांचा अभ्यास करणारेही या कामाला आपलं मूळ मानतात. १९३६ साली बीकन या गावी त्याने स्वतःचं रुग्णालय काढलं आणि त्यात पायऱ्यापायऱ्यांचा गोल रंगमंच आणि वर सज्जा बांधला. १९४१मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या सरकारी मनोरुग्णालयात असाच रंगमंच उभा राहिला. त्याच वर्षी त्याला झेर्का भेटली. पुढे ती त्याची पत्नी झाली, आणि मनोनाट्याला शिस्त लावण्याचं बरंच श्रेय तिचं आहे.

तीन भाग, पाच साधनं

मनोनाट्याची साधनं पाच. रंगमंच, नायक, दिग्दर्शक, साहाय्यक पात्रं आणि प्रेक्षक-गट. इथला नायक म्हणजे त्या दिवशी ज्याची गोष्ट खेळली जाणार तो माणूस. दिग्दर्शक म्हणजे प्रशिक्षित उपचारक. साहाय्यक पात्रं नायकाच्या आयुष्यातल्या माणसांच्या भूमिका घेतात, आणि त्यांची निवड नायक स्वतः करतो. वडिलांची भूमिका कुणी करायची हे तोच ठरवतो.

तंत्रं पुष्कळ आहेत. त्यातली तीन मुख्य. पहिलं भूमिकापालट. मुलगा वडिलांच्या जागी जातो, वडिलांची भूमिका करणारा मुलाच्या जागी येतो, आणि मुलाला आपलेच शब्द समोरून ऐकू येतात. दुसरं ‘सावली’. नायकाच्या मागे एकजण उभा राहतो आणि त्याला जे बोलवत नाही ते बोलून पाहतो. नायक ते स्वीकारतो किंवा ‘नाही, असं नाही’ म्हणून दुरुस्त करतो. तिसरं आरसा. नायक बाजूला बसतो आणि त्याचा प्रसंग दुसरा खेळून दाखवतो. रिकाम्या खुर्चीशी बोलण्याचं तंत्र अनेकांना फ्रिट्झ पर्ल्सच्या नावाने माहीत असतं, पण पर्ल्स मोरेनोच्या सत्रांना बसलेला होता.

आता भाग. पहिल्या भागात गट सैल होतो, एकमेकांशी ओळख होते, आणि कुणाची गोष्ट आज पुढे येणार हे ठरतं. दुसऱ्यात प्रत्यक्ष खेळ होतो. तिसऱ्यात नायक खाली येऊन गटात बसतो आणि बाकीचे बोलतात. या बोलण्याला एक कडक नियम आहे. सल्ला द्यायचा नाही, विश्लेषण करायचं नाही, ‘तू असं करायला हवं होतंस’ म्हणायचं नाही. ‘हे पाहताना मला माझी अमुक गोष्ट आठवली’ एवढंच सांगायचं. ज्यांनी भूमिका केल्या तेही आधी त्या भूमिका उतरवतात. ‘मी तुझा बाप नाही, मी अमुक आहे’ असं मोठ्याने म्हणतात.

हा तिसरा भाग पाहायला नीरस असतो. त्यात अश्रू कमी, शांतता जास्त. पण रचनेचं वजन त्याच्यावर उभं आहे. नायकाने स्वतःला सर्वांसमोर उघडं केलेलं असतं. आता बाकीचे आपापलं थोडं उघडून त्याच्या शेजारी येऊन बसतात. तो एकटा उघडा राहत नाही.

बार्बराची गोष्ट कुठे थांबते

मनोनाट्याच्या प्रत्येक पुस्तकात बार्बराची गोष्ट असते. मोरेनोच्या व्हिएन्नातल्या उत्स्फूर्त नाट्यमंडळीत ही नटी सोज्वळ, सात्त्विक नायिकांच्या भूमिका करायची. रोज प्रयोगाला येणारा जॉर्ज नावाचा कवी तिच्या प्रेमात पडला आणि दोघांचं लग्न झालं. काही दिवसांनी तो मोरेनोकडे तक्रार घेऊन आला, की रंगमंचावरची ही देवी घरी शिवीगाळ करते, अंगावर धावून येते. मोरेनोने त्या रात्रीपासून तिला उलट्या भूमिका दिल्या, रस्त्यावरच्या वेश्येची, भांडखोर बायकांची. तिने त्या जीव ओतून केल्या. घरातलं वादळ ओसरू लागलं. मग मोरेनोने दोघांनाही रंगमंचावर आणलं आणि त्यांच्याच घरातले प्रसंग त्यांच्याकडून करवून घेतले. प्रेक्षकांना ते इतर नाटकांपेक्षा अधिक भिडले.

सांगायला सुरेख गोष्ट आहे, आणि बहुतेक पुस्तकं ती इथेच संपवतात. अभ्यासकांनी या जोडप्याची ओळख पटवली आहे. जॉर्ज म्हणजे कवी गेओर्ग कुल्का. त्याने १९२९ साली आत्महत्या केली.

त्या मृत्यूचं खापर मोरेनोच्या माथी फोडणं अन्यायाचं होईल. माणूस जीव का देतो याचं एकच कारण नसतं, आणि मधे काही वर्षं गेली होती. माझा आक्षेप गोष्ट सांगणाऱ्यांवर आहे. एखाद्या उपचारपद्धतीची जन्मकथा जर टाळ्यांच्या क्षणी पडदा पाडत असेल, तर त्या पद्धतीच्या अनुयायांनाही तिथेच पडदा पाडायची सवय लागते. त्या जोडप्याने रंगमंचावर आपलं घर उघडं केलं, प्रेक्षक हेलावले आणि घरी गेले. त्या काळात तिसरा भाग अजून घडायचा होता. मोरेनो दांपत्याने तो पुढे रचनेत पक्का बसवला, यामागे असे अनुभव असणार असं मला वाटतं.

विरेचन : शब्द आणि विसर

ॲरिस्टॉटलच्या ‘कॅथार्सिस’ला आपण मराठीत विरेचन म्हणतो. हा शब्द आपल्याकडे आयुर्वेदातून आला. युरोपातही त्याचा अर्थ वैद्यकाकडे वळवणारा एक अभ्यासक होता. याकोब बेर्नाइसने १८५७ साली कॅथार्सिस म्हणजे शरीरातून दोष बाहेर काढण्यासारखी क्रिया, असा अर्थ लावला. त्याची पुतणी पुढे फ्रॉइडची पत्नी झाली. १८९५ साली ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचं हिस्टेरियावरचं पुस्तक आलं, त्यात दडपलेली भावना बाहेर काढण्याच्या उपचाराला हेच नाव होतं. तेव्हापासून ‘आत साचलेलं बाहेर आलं की माणूस मोकळा होतो’ ही कल्पना लोकांच्या मनात घट्ट बसली. आपणही म्हणतोच, रडून घे, बरं वाटेल.

ही कल्पना अर्धीच खरी आहे. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने २००२ साली ६०० विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना आधी राग येईल असं केलं. मग काहींना, राग आणणाऱ्याचा विचार करत, ठोसे मारायच्या पिशवीवर ठोसे मारायला लावले. काहींनी व्यायाम म्हणून मारले. काही नुसते शांत बसले. पहिल्या गटाचा राग सर्वांत जास्त राहिला आणि त्यांचं वागणंही अधिक आक्रमक झालं. शांत बसलेले त्यांच्यापेक्षा निवळले होते. नुसतं ओकून टाकल्याने राग जात नाही, उलट तो गिरवला जातो.

आपला शब्द इथे युरोपीय शब्दापेक्षा शहाणा आहे, फक्त आपण तो अर्धाच वापरतो. आयुर्वेदात विरेचन हे प्रधानकर्म. त्याआधी पूर्वकर्म असतं, म्हणजे स्नेहन आणि स्वेदन. आणि नंतर पश्चात्कर्म. शोधन झालेल्या माणसाला लगेच जेवायला वाढत नाहीत. आधी पेया, मग विलेपी, अशा क्रमाने काही दिवस त्याचा अग्नी सांभाळत नेहमीच्या आहारावर आणतात. याला संसर्जन क्रम म्हणतात. रेचक देऊन रोग्याला घरी पाठवणाऱ्या वैद्याला कुणी वैद्य म्हणणार नाही. नाट्यसमीक्षेने आणि शिबिरवाल्यांनी विरेचन हा शब्द घेतला आणि संसर्जन मागे ठेवलं.

मोरेनोला हे कळलं होतं. त्याने निचरा आणि ‘सांधणारं विरेचन’ यांत फरक केला. बाहेर आलेली गोष्ट नव्या समजुतीने पुन्हा आत बसली पाहिजे. संशोधनाचा कौलही साधारण याच बाजूने आहे. किपर आणि रिची यांनी २००३ साली २५ प्रायोगिक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. परिणाम इतर समूहोपचारांच्या तोडीचा किंवा थोडा सरस दिसला, आणि सर्वांत प्रभावी तंत्रं ठरली ती भूमिकापालट आणि सावली. दोन्ही तंत्रांत आरडाओरड्याला फारसं स्थान नाही. एकात माणूस दुसऱ्याच्या जागेवरून पाहतो, दुसऱ्यात त्याचं न बोललेलं कुणीतरी समजून घेतं. अर्थात २५ ही संख्या लहान आहे, त्यावरून डंका पिटू नये.

वर्गातल्या नऊ पायऱ्या

शिक्षणात मनोनाट्य थेट येत नाही आणि येऊही नये. मुलाच्या घरातल्या जखमा उघडायला वर्ग ही जागा नव्हे. तिथे येतं ते भूमिकापालन. फॅनी आणि जॉर्ज शाफ्टेल या दांपत्याने १९६७ साली ते शाळेसाठी बांधलं. जॉइस आणि वाइल यांच्या अध्यापन प्रतिमानांवरच्या ग्रंथात ते समाविष्ट झालं आणि तिथून आपल्या बी.एड.च्या अभ्यासक्रमात उतरलं. त्याच्या नऊ पायऱ्या आहेत. गटाची तयारी, पात्रांची निवड, प्रसंगाची मांडणी, निरीक्षकांची तयारी, सादरीकरण, चर्चा, पुन्हा सादरीकरण, पुन्हा चर्चा, आणि अनुभव वाटून घेऊन निष्कर्षाकडे जाणं. नऊपैकी दोन पायऱ्या अभिनयाच्या आणि तीन त्यानंतरच्या बोलण्याच्या. प्रमाण लक्षात घ्या.

पस्तीस मिनिटांच्या तासात आणि साठ मुलांच्या वर्गात हे पाचव्या पायरीवर संपतं. ‘छान केलंत, टाळ्या वाजवा’ आणि घंटा. यात शिक्षकांचा दोष कमी आणि वेळापत्रकाचा जास्त आहे, हे मला मान्य आहे. पण दुसऱ्या पायरीकडे मात्र वेळ नाही ही सबब चालत नाही. कोणत्या मुलाला कोणती भूमिका द्यायची? इतर मुलं ज्याचं नाव सुचवतात त्याला त्या भूमिकेत ढकलू नये, असं हे प्रतिमान बजावतं. कारण त्या सुचवण्यात बहुधा टोमणा असतो. आपल्या शाळांत दारुड्या बापाची भूमिका कुणाच्या वाट्याला येते, सफाई कामगाराची कुणाच्या, डॉक्टरीणबाईंची कुणाच्या, हे एकदा वर्गात मागे बसून पाहावं. गावाने जी भूमिका त्या मुलाला आधीच दिलेली असते, तीच पुष्कळदा वर्ग ‘उपक्रम’ म्हणून पुन्हा देतो. भूमिकापालनातला पालट असा नाहीसा होतो आणि उरतं ते नुसतं पालन.

याउलट उदाहरणंही आहेत. ठाण्यात रत्नाकर मतकरींच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या ‘वंचितांचा रंगमंच’ या उपक्रमात लोकवस्तीतली मुलं आपल्या जगण्यातले विषय घेऊन स्वतः नाटिका रचतात आणि करतात. तिथे उपचाराचा दावा नाही. विषय कोणता आणि पात्रं कोण, हे मुलं ठरवतात, आणि महिनोन्‌महिने गट एकत्र राहतो. मोरेनोच्या अटींपैकी दोन महत्त्वाच्या अटी तिथे नाव न घेता पाळल्या जातात.

टाळ्या आणि चहा

तिसरं क्षेत्र व्यक्तिमत्त्व विकासाचं. इथे पैसा सर्वांत जास्त आणि जबाबदारी सर्वांत कमी.

काही वर्षांपूर्वी अशा एका दोन दिवसांच्या शिबिरात मी बसलो होतो. साठेक माणसं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशिक्षकाने मधोमध रिकामी खुर्ची ठेवली आणि पंचेचाळिशीच्या एका बाईंना पुढे बोलावलं. खुर्चीत दिवंगत सासू बसली आहे असं समजा आणि मनातलं बोला, असं सांगितलं. त्या आधी लाजल्या, मग बोलू लागल्या, मग थांबेनात. वीस वर्षांचं सगळं बाहेर आलं. शेवटी त्या जमिनीवर बसून हुंदके देत होत्या. प्रशिक्षकाने त्यांना उभं केलं, मिठी मारली, आणि सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. मागे मोठ्याने संगीत लागलं. मग चहाची सुट्टी झाली. चहाच्या टेबलापाशी त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या. कप हातात तसाच होता. त्या मला म्हणाल्या, “भाऊ, माझे मिस्टर इथेच बसलेत. त्यांच्या आईबद्दल मी हे सगळं बोलले. आता घरी कशी जाऊ?”

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्या शिबिराच्या वेळापत्रकात नव्हतं. चहानंतरचं सत्र ‘ध्येयनिश्चिती’चं होतं.

अशा जागांचा धोका कुणी मोजलाच नाही असं नाही. १९७०च्या सुमारास लीबरमन, यालोम आणि माइल्स यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात मोठा अभ्यास केला. दोनशेहून अधिक विद्यार्थी १८ गटांत विभागले. प्रत्येक गट एकंदर ३० तास भेटला. वेगवेगळ्या पद्धतींचे नावाजलेले नेते होते, त्यात मनोनाट्यवालेही होते. १६ विद्यार्थ्यांचं टिकाऊ मानसिक नुकसान झाल्याचं आढळलं. आणि ते नुकसान पद्धतीच्या नावापेक्षा नेत्याच्या शैलीशी अधिक जोडलेलं होतं. जिथे नेता तेजस्वी, आक्रमक, लोकांच्या खासगीपणात घुसणारा आणि ‘आत्ताच्या आत्ता मोकळे व्हा’ म्हणणारा होता, तिथे जखमी जास्त. आपल्याकडच्या शिबिरांच्या जाहिरातींत प्रशिक्षकाचं वर्णन नेमकं याच गुणांनी केलेलं असतं.

बेणारे बाईंना कुणी विचारलं?

आता त्या नाटकाकडे. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणलं. लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांची. या नाटकावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे, स्त्रीच्या बाजूने, मध्यमवर्गाच्या ढोंगाच्या बाजूने, हिंसेच्या बाजूने. मला ते एका उलट्या मनोनाट्याची संहिता म्हणून वाचायचं आहे. तेंडुलकरांनी मोरेनो डोळ्यांसमोर ठेवला होता असा माझा दावा नाही. मनोनाट्याची रचना हातात धरून नाटक वाचलं, की प्रत्येक साधन तिथे आहे आणि प्रत्येक साधनाची अट मोडलेली आहे, एवढंच मी म्हणतो आहे.

हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाच्या प्रयोगासाठी एका गावात आली आहेत. वेळ आहे, आणि गावच्या सामंतला न्यायालय कसं चालतं ते दाखवायचं आहे. म्हणून गंमत म्हणून एक खोटा खटला उभा करायचं ठरतं. हा झाला पहिला भाग. गट सैल होतो, हसतो, पण नायक कोण हे गट नायकाला न विचारता ठरवतो. बेणारे आत गेलेली असताना तिला आरोपी करण्याचा बेत होतो. बाहेर आल्यावर तिला कळतं की आपल्यावर भ्रूणहत्येचा आरोप आहे.

साहाय्यक पात्रं ती निवडत नाही, ती तिच्यावर नेमली जातात. दिग्दर्शकाच्या जागी काशीकर आहेत, आणि तेच न्यायाधीशही आहेत. मोरेनोच्या रंगमंचावर दिग्दर्शकाला निकाल देण्याचा अधिकार नाही. इथे त्याच्याकडे तेवढाच अधिकार आहे. सामंत कादंबरीतून वाचून साक्ष देतो. ती कल्पित साक्ष बेणारेच्या खऱ्या आयुष्यावर जाऊन बसते. मनोनाट्यातही कल्पित आणि खरं असंच एकमेकांत मिसळतं, फक्त तिथे कुठवर जायचं हे नायक सांगतो. बेणारे निघून जायला दाराशी जाते, तर दार बाहेरून लागलेलं. कोणत्याही उपचारगटाचा पहिला नियम हा की दार उघडं असतं. तेंडुलकरांनी नेमकी तीच कडी लावली.

आणि मग तिचं स्वगत. न्यायालय तिला बचावासाठी दहा सेकंद देतं, ती गप्प राहते. मग प्रकाश बदलतो, बाकीचे थिजतात आणि ती बोलते. उपचाराच्या दृष्टीने पाहिलं तर अख्ख्या नाटकात घडायला हवी होती ती गोष्ट हीच. माणूस आपली गोष्ट आपल्या शब्दांत सांगतो आहे. पण रंगमंचावरचं कुणीही ती ऐकत नाही. नंतर शिक्षा सुनावली जाते. त्यानंतर मंडळी पुन्हा नेहमीसारखी होतात, प्रयोगाच्या तयारीला लागतात, खेळच होता म्हणून तिची समजूत घालतात. कुणी भूमिका उतरवत नाही. ‘मी न्यायाधीश नाही, मी तुझा सहकारी आहे’ असं कुणी म्हणत नाही. कुणी स्वतःचं काही सांगत नाही. अपवाद सामंतचा. तो तिच्याजवळ एक कापडी पोपट हळूच ठेवून जातो. त्या सबंध संध्याकाळीचं पश्चात्कर्म एवढंच.

तेंडुलकरांनी तिसरा भाग मुद्दाम रिकामा ठेवला आणि तो प्रेक्षागृहाकडे सरकवला, असं मला वाटतं. तिचं स्वगत फक्त आपण ऐकलेलं असतं, म्हणजे तिच्याशेजारी बसण्याची पाळी आपली असते. पन्नास वर्षांत त्या स्वगतावर किती बायका एकपात्री स्पर्धांतून उभ्या राहिल्या! स्वगत संपलं की टाळ्या पडतात आणि पुढच्या स्पर्धकाचं नाव पुकारलं जातं. नाटकाने विचारलेला प्रश्न आपण स्पर्धेचा उतारा करून टाकला.

एक घाईची तुलना

मनोनाट्यावर बोलताना आपल्याकडे हमखास कुणीतरी म्हणतं, हे सगळं आपल्याकडे होतंच. भारूड होतं, जागरण-गोंधळ होता, अंगात येणं होतं. या दाव्यात थोडं तथ्य आणि बरीच घाई आहे. अंगात आलेल्या बाईला घरात एरवी न मिळणारा आवाज मिळतो आणि चारचौघं ते ऐकतात, हे खरं. पण बोललेलं तिच्या नावावर जमा होत नाही, देवाच्या नावावर होतं. संचार ओसरला की ती पुन्हा होती तिथेच. काही वेळा हीच तिची ढाल असते, हेही विसरू नये. मघाच्या शिबिरातल्या बाईंना तेवढी ढालही मिळाली नव्हती.

सोळाव्या शतकात एकनाथांनी जोहारांत महाराचा आवाज घेतला, ही भूमिका घेण्याची मोठी कृती होती. चोखोबांचा जोहार मात्र भोगणाऱ्याचाच आवाज आहे. दोन्ही शेजारी ठेवले की भूमिकापालटातला अवघड भाग दिसतो. वरच्याने खालच्याची भूमिका घेणं आपल्या परंपरेत आहे. खालच्याला वरच्याच्या खुर्चीत बसवून, त्याच्या तोंडून वरच्याने स्वतःला ऐकणं, हे फार क्वचित. मोरेनोचा पालट दोन्ही दिशांनी चालतो. एका दिशेने चालला तर ती सहानुभूती झाली, पालट झाला नाही.

काय विचारावं

मनोनाट्य सोडून द्यावं असं मला अजिबात वाटत नाही. सासूशी न बोललेलं बोलणं, गेलेल्या मुलाचा निरोप घेणं, साहेबासमोर ‘नाही’ म्हणून पाहणं, या गोष्टी नुसत्या बोलून जितक्या कळतात त्याहून करून पाहिल्याने अधिक कळतात. प्रशिक्षित हातांत आणि टिकाऊ गटात हे साधन मोलाचं आहे. पण ते वापरणाऱ्याला काही साधे प्रश्न विचारायचा आपल्याला हक्क आहे. माझी गोष्ट खेळायची हे मी ठरवणार की तुम्ही? माझ्या माणसांच्या भूमिका कोण करणार हे कोण निवडणार? मधेच थांबायचं म्हटलं तर थांबता येईल का? या खोलीत माझे नातेवाईक, माझे साहेब, माझे शेजारी आहेत का? खेळाला जेवढा वेळ ठेवला आहे तेवढाच त्यानंतर बसायला ठेवला आहे का? आणि आठवड्याने मला झोप लागेनाशी झाली तर फोन कुणाला करायचा?

या प्रश्नांची उत्तरं पत्रकावर छापायला चार ओळी पुरतात. ज्या पत्रकावर त्या नसतील, तिथे नाव नोंदवण्याआधी फोन करून विचाराव्यात. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर त्याच्या सभागृहात खुर्ची कितीही रिकामी असली तरी तिच्यासमोर उभं राहू नये.